कंपाउंडरमामांचा दुश्मन

फूटबॉलचा सामना चालू असला की उमरग्यात आजारी पडायची सोय नव्हती. डॉक्टर असायचे हो, बिचारे खुर्चीत बसलेलेच असायचे. पण औषध देणारा माणूस रेडिओला कान लावून बसलेला, आणि त्याला हलवायची डॉक्टरांचीसुद्धा छाती होत नसे. "थांब की रे बाबा, हाफ होऊ दे. हाफपत्तुर मरत न्हाईस तू," असं तो पेशंटला सांगायचा आणि पेशंट गुमान बाकावर बसून राहायचा. पुढं पुढं तर पेशंटच कण्हत कण्हत विचारायला लागले, "मामा, किती झाले?"

हे गुंडेराव कंपाउंडर. गाव त्यांना कंपाउंडरमामा म्हणायचं. मी तुळजापूरचा; मास्तरकीत बदली होऊन उमरग्याला गेलो तेव्हा मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. खोली मिळाली ती दवाखान्याच्या अगदी समोर. पहिल्याच दिवशी समोरून अशी आरोळी आली की मला वाटलं कुणीतरी दगावलं. धावत गेलो, तर एक बुटका, वाटोळा माणूस काळी टोपी मागं सरकवून, खोकल्याच्या औषधाची बाटली छातीशी धरून नाचत होता.

"काय झालं हो?"

"आडिवला!"

"कुणी? काय?"

"बाबूमियाँनं बॉल आडिवला! अन् तुमी कोन?"

अशी आमची ओळख. मी नवा मास्तर म्हटल्यावर त्यांनी लगेच मला बाकावर जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा गुरुजी. हैदराबाद एक, कलकत्ता काय न्हाय."

मामा हैदराबादच्या संघाचे. निजाम गेला, राज्य गेलं, आमचा जिल्हा कागदोपत्री मुंबईकडं वळला. मामांचा कान मात्र हैदराबादकडंच राहिला. कुणी टोमणा मारला, "मामा, आता आपन मुंबईवालं," तर म्हणायचे, "तहसील गेली असंल तिकडं. माझा बॉल हितंच हाय."

आता गंमत अशी, की ह्या माणसानं आयुष्यात फूटबॉलचा धड सामना बघितलेला नव्हता. निजामाच्या काळात शाळेत फूटबॉल होता म्हणे, पण त्याला नियम दोनच. हात लावायचा नाही आणि हेडमास्तरांच्या खिडकीकडं मारायचा नाही. बाकी सगळं रानमोकळं. पुढचं सगळं ज्ञान रेडिओचं. डॉक्टरांनी हौसेनं घेतलेला बॅटरीचा रेडिओ. त्याची तार पत्र्यावरून पिंपळापर्यंत नेलेली. हैदराबादहून उर्दूत सामना सांगायचे, मध्येमध्ये इंग्रजी शब्द, आणि त्याच्यावर खरखर अशी, की कढईत पापड तळतायत. मामा उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं खरखरीतून अर्थ काढून आम्हाला सांगायचे, आणि आम्ही तो प्रमाण मानायचो. मला स्वतःला फूटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्यांच्या बोलण्यात फूटबॉल कुठंही घुसायचा. पोट बिघडलेला आला की, "पोट म्हंजे गोल हाय. समोर आलं ते समदंच आत घ्याचं नसतं." एकदा एका म्हातारीला म्हणाले, "पयल्या हाफला एक डोस, दुसऱ्या हाफला एक." म्हातारीनं 'हाफ' म्हणजे अर्धा समजून चार दिवस अर्धाअर्धाच डोस घेतला. डॉक्टर चिडले. मामा शांतपणे म्हणाले, "मंग आता एक्स्ट्रा टाइम देऊ तिला."

औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून त्यांनी बाबूमियाँचा फोटो चिकटवला होता. हा हैदराबादचा गोलकीपर. उर्दू अखबारातला फोटो. बाबूमियाँनं आडवी झेप घेतलेली, पण कातरताना बॉल बाहेर गेला होता. त्यामुळं कपाट उघडलं की पेशंटला दिसायचं ते एवढंच, की एक माणूस हवेत आडवा झालाय आणि त्याचं तोंड वाकडं आहे. एक बाई घाबरून म्हणाली, "मामा, ह्येला काय झालंवतं? बरा झाला का?" मामा म्हणाले, "ह्येला काय व्हतंय? ह्यो हाय म्हून आपन बरं हाव."

दुसरा लाडका नरसय्या. पुढं खेळणारा, गोल मारणारा. नरसय्यावर मामांची माया पोटच्या पोरासारखी. त्याचा गुडघा दुखावल्याची बातमी रेडिओवर आली त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. मामी वैतागून मला म्हणाल्या, "गुरुजी, माझा पाय मुरगळला तवा मानसानं वळून बगितलं न्हाय. अन् आता बगा." मामांनी डॉक्टरांकडून लावायचं तेल मागून घेतलं, बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि हैदराबादला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याच्या हवाली केली. "नरसय्याला द्या. कुनाला बी इचारा, सांगंल." ती बाटली पोचली का कुठं रस्त्यात सांडली, देव जाणे. पण पुढच्या सामन्यात नरसय्यानं दोन गोल केले, आणि मामा डॉक्टरांपुढं जाऊन उभे राहिले.

"साहेब, आपलं औषध."

डॉक्टर मोठे सज्जन माणूस. चष्मा पुसत म्हणाले, "हो मामा. आपलंच."

नावडतेही होते. कलकत्त्याचा एक जण धक्का लागला की लोळायचा. त्याचं खरं नाव मामांनी कधी घेतलंच नाही, त्याला 'लोळ्या' म्हणायचे. "ह्येला एकदा हितं आना, मोठी सुई लावतो. उटून पळंल बगा." पण लोळ्यावरचा राग म्हणजे वरवरचा, घरातल्या आळशी भाच्यावर असावा तसा. मामांचा खरा दुश्मन एकच. आसफ सय्यद.

हे नाव घेताना मामांचा आवाज बदलायचा. कारण हा आसफ सय्यद म्हणजे मोठं अजब प्रकरण होतं. हैदराबादचा गडी बॉल घेऊन निघालाय, एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, बॉल पुढं नरसय्याकडं टाकला, रेडिओवरच्या माणसाचा आवाज चढत चाललाय, दवाखान्यात सगळ्यांनी श्वास रोखलाय, आता गोल होणार, एवढ्यात खरखर, शिट्टी, आणि आवाज यायचा, "आसफ सय्यद!" की संपलं. गोल नाही. मामा टोपी काढून बाकावर आपटायचे. "आला! आला भाड्या आडवा!"

बरं, हा एका संघातला असता तर समजलं असतं. आज कलकत्त्याकडून आडवा आला, तर पुढच्या खेपेला मुंबईकडून. नंतर बघावं तर मद्रासकडून. मी म्हणालो, "मामा, सगळीकडं बोलावतात म्हणजे चांगला खेळाडू असणार."

"चांगला? अवो, आजपत्तुर एक गोल न्हाय त्येच्या नावावर! निस्ता आडवा येतो. ह्येला खाऊ कोन घालतं तेच मला कळंना."

एकदा तर कलकत्ता गोल मारणार तोच आसफ सय्यद मध्ये आला आणि हैदराबाद वाचलं. बाकावरचे पेशंट टाळ्या पिटायला लागले. मामा टोपी झटकत म्हणाले, "आपल्याला नको त्येची मेहेरबानी."

हळूहळू हे नाव गावात पसरलं. शिजत आलेलं काही शेवटच्या घटकेला नासलं की उमरगेकर म्हणू लागले, "आसफ सय्यद झाला." सोयरीक मोडली, आसफ सय्यद झाला. यष्टी समोरून निघून गेली, आसफ सय्यद. दूध उतू गेलं तर बाया चुलीपुढं बसून त्यालाच शिव्या घालायच्या. ज्यांनी फूटबॉल हा शब्दही ऐकला नव्हता ते आसफ सय्यदला ओळखत होते. आमच्या हेडमास्तरांचं प्रमोशन अडलं तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये हेच म्हटलं, आणि सगळ्यांना नेमकं कळलं.

आणि मग एक दिवस खरोखरचा आसफ सय्यद उमरग्यात आला.

हुमनाबादकडचा माणूस. हडकुळा, लाजरा, बायको आणि लहान मुलगी बरोबर, आणि मेव्हण्याच्या भागीत घेतलेला जुना ट्रक. सोलापूर-हैदराबाद सडकेवरचं गाव, आडत बाजार मोठा, तूर-उडदाची पोती सोलापूरला न्यायला भाडं मिळेल म्हणून आलेला. ट्रकच्या अड्ड्यावर कुणीतरी नाव विचारलं. त्यानं सांगितलं. अड्डा पोट धरून हसला. त्यालाही वाटलं, नव्या गावची रीत असेल, म्हणून तोही हसला.

पण भाडं मिळेना. आडतदार चनबसप्पा तर हात जोडूनच म्हणाले, "अय्यो, नको बाबा. मानूस तू चांगला हायस. पन माल सोलापूरच्या वेशीपत्तुर जायचा अन् तिथं आसफ सय्यद व्हायचा. इषाची परीक्षा कोन घेतंय?" त्यांचं बघून बाकीचेही तसंच. त्या सुमारास आमच्याकडं काही लोकांना नावावरून माणूस जोखायची खोड लागलेली होती, आणि तिचं कारण फूटबॉल नव्हतं. पण ह्या वेळेला खरोखरच फूटबॉल होतं. हसत हसत नाही म्हणायचे, त्यामुळं त्याला भांडताही येईना.

शेवटी तो दवाखान्यात आला. मी तिथंच होतो. मामा त्याच्याकडं जरा संशयानंच बघत म्हणाले, "फूटबॉल खेळता का कदी?"

"नै मामा. कबी नै."

"पाव्हन्यात कोन?"

"कोई नै. मामा, एक सांगू? ये नाव मेरे बापनं ठेवलं. दादाचं नाव होतं. आता इथं भाडं नै मिळत. मुलीला शाळेत पोरं म्हनतात, आसफ सय्यदची पोरगी आली, आता पाटी फुटनार. बीबी म्हनते, दुसऱ्या गावाला नाव बदलून सांगू. पन नाव कसं बदलू मामा? बाप तर गेला. त्याला कुठं विचारू?"

मामांच्या हातात मलमाचा चमचा होता, तो तसाच राहिला. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि उगीचच त्याची नाडी बघितली. त्या दिवशी सामना होता, पण मामांनी रेडिओ लावला नाही. मला म्हणाले, "गुरुजी, शिव्या म्या त्येला दिल्या, लागल्या ह्येला. ह्यो काय न्याय झाला?"

त्याच आठवड्यात बातमी आली की हैदराबादचा संघ सोलापूरला सामना खेळायला येतोय. एरवी मामा आनंदानं वेडे झाले असते. आता त्यांच्या डोक्यात एकच. "आसफ सय्यद तिथं येनारच. येतोच त्यो. गाठतो त्येला, सांगतो, बाबा, तुझ्या करनीनं आमच्या हितला गरीब बुडायला लागलाय. तुजं पुरं नाव सांग, बापाचं सांग, गावाचं सांग. म्हंजे लोकांनी तुला त्या नावानं शिव्या द्याव्या अन् आमच्या सय्यदभाईला मोकळं सोडावं."

जायचं कशानं? गावात रिकामा ट्रक एकच होता, आणि तो का रिकामा होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. सय्यदभाईच म्हणाला, "चला की मामा. डिझल मेरा. तुमी फक्त त्याला भेटा." आम्ही दहाबारा जण मागं बसलो, डॉक्टर आणि मामा पुढं. नळदुर्गला चहा झाला. चनबसप्पाही आले होते. सोलापुरात काम होतं म्हणाले, पण काम काही दिसलं नाही.

मैदानावर गर्दी. बाबूमियाँ गोलापाशी येऊन उभा राहिला आणि मामांनी माझा दंड धरला. फोटोतला वाघ प्रत्यक्षात चांगला बुटका होता, टक्कल पडत आलेलं. मला वाटलं मामा हिरमुसतील. तर डोळ्यांतून पाणी! "माझ्याएवढाच हाय वो गुरुजी! माझ्याएवढाच!"

सामना सुरू झाला. नरसय्याकडं बॉल आला की मामा बसल्या जागी पाय झाडायचे, पुढच्याच्या पाठीत बसायचे. तेवढ्यात मागून कुणीतरी लांब बॉल मारला, नरसय्या एकटाच गोलापुढं, समोर फक्त गोलकीपर. मामा उभे राहिले. बाजूच्या रेघेवरच्या माणसानं निशाण वर केलं, शिट्टी झाली, आणि अख्खं सोलापूर ओरडलं. तेच नाव!

मामा ताडकन् बाकावर चढले. "कुटाय? कुटाय त्यो? दावा मला!"

आणि मामांच्या शेजारी आमचा सय्यदभाई, आपल्याला हजारो लोकांनी एकदम हाक मारली असं वाटून, घाबरून उभा राहिला आणि म्हणाला, "जी?"

पुढं गिरणीतला एक कामगार बसला होता. मागं वळून म्हणाला, "मामा, खाली बसा की. कुनाला शोधताय?"

"आसफ सय्यदला! आत्ता आडवा आला न्हवं का!"

"आडवा कोन आला? आवो, आफसाईड झालं, आफसाईड! बॉल मागं असताना गडी आधीच पुढं जाऊन गोलापाशी हुबा ऱ्हायला. तसं चालत न्हाई. मंग शिट्टी वाजिवत्यात."

"म्हंजे... मानूस न्हाय?"

"मानूस कुठला, मामा? नियम हाय, नियम!"

चनबसप्पांनी तोंडाला उपरणं लावलं. मामा हळूच खाली बसले. त्यांचा चेहरा बघवेना. मला पोटातून हसू येत होतं आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटत होता. इतकी वर्षं ज्या माणसाचा त्यांनी मनापासून द्वेष केला, ज्याला झोपेतसुद्धा शिव्या दिल्या, तो जगात नव्हताच. मामांनी एकदा मैदानाकडं बघितलं, एकदा सय्यदभाईकडं बघितलं. तो अजून उभाच होता, कुणी काय विचारतंय म्हणून.

"बसा सय्यदभाई," मामा म्हणाले. "तुमाला न्हाय बोलवलं. कुनालाच न्हाय बोलवलं." आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते हाफपर्यंत थांबेना.

परत येताना नळदुर्गला पुन्हा चहाला थांबलो. आमच्यातला एक जण म्हणाला, "मामा, गावात काय सांगायचं न्हाय. लई हसतील. सांगू की त्यो भेटला, माफी मागितली, खेळ सोडला म्हनला. झालं."

सल्ला वाईट नव्हता. मामांचा गावात दरारा होता तो फूटबॉलच्या जोरावर. उद्यापासून पोरंसोरं टर उडवणार होती. मामांनी बशीतला चहा संपवला. "आन् मंग? गडी खेळ सोडंल, नाव तसंच ऱ्हाईल. ह्येच्या पोरीला पोरं चिडवायची ती चिडवनारच. न्हाय. नाव म्या बिगडिवलंय, म्याच धुनार."

आठवडी बाजाराच्या दिवशी, ऐन गर्दीत, मामांनी दवाखान्याच्या ओट्यावर बाटल्या मांडल्या. एरंडेलाची मोठी बाटली गोलकीपर, मलमाच्या डब्या राखणदार, खोकल्याची बाटली नरसय्या आणि बॉल म्हणून एक लिंबू. लोकांना वाटलं नवीन औषध आलंय. ही गर्दी लोटली. मामांनी खोकल्याची बाटली डब्यांच्या पुढं सरकवली, लिंबू मागून ढकललं आणि ओरडले, "हे बगा! ह्येला आफसाईड म्हनत्यात! आफ! साईड! हा मानूस न्हाय, हा गुन्हा हाय! आसफ सय्यद नावाचा कुनी खेळाडू न्हाय, कदी नव्हता. म्या बहिऱ्यानं तुमाला इतकी वर्सं खोटं सांगितलं!"

बाजारात जो हशा उसळला! भाजीवाल्या बाया पाटीवर वाकून हसत होत्या. एक पैलवान खालून ओरडला, "मामा, मंग त्या शिव्या कुनाला घातल्या?"

"माझ्या कानाला!"

"आन् आता काम नासलं तर आमी काय म्हनायचं? सवय लागली की जिभंला!"

मामांनी एरंडेलाची बाटली वर धरली. "सय्यदभाईचं नाव ज्यानं घेतलं त्येला ही अख्खी पाजतो. डॉक्टरसायब बसलेत, त्यास्नी इचारा. अन् नावच पायजे असंल तर माझं घ्या. काम नासलं की म्हना, गुंडेराव झाला. म्या घरचा हाय. मला भाडं न्हाय मारायचं."

गाव वस्ताद. लगेच उचललं. त्याच संध्याकाळी मामींच्या हातून आमटीत मीठ जास्त पडलं आणि मामींनी स्वतःच सांगितलं, "आज गुंडेराव झाला." मामा ते दुसऱ्या दिवशी मला अभिमानानं सांगत होते. पुढं मी शाळेत पोरांच्या तोंडून ऐकलं, यष्टीच्या कंडक्टरच्या तोंडून ऐकलं. मामा समोरून चालले असले तरी लोक म्हणायचे, आणि मामा हात वर करून "बोला!" म्हणायचे. सामने ऐकणं काही सुटलं नाही. फक्त नरसय्याच्या बाबतीत शिट्टी वाजली की आता ते नरसय्यालाच झापायचे, "पुडं पुडं काय करतोस, बॉल येऊ दे की मूर्खा!" दुश्मन गेल्याचं थोडं दुःखही होतं त्यांना, असं मला वाटतं. इतका हक्काचा दुश्मन पुन्हा मिळत नाही.

चनबसप्पांनी सय्यदभाईला पहिलं भाडं दिलं ते तुरीचं. माल सोलापूरला पोचला. दुसऱ्या खेपेलाही पोचला. मग बाकीचे आडतदार आपण होऊन अड्ड्यावर यायला लागले.

माझी धाराशिवला बदली झाली तेव्हा माझं सामान सय्यदभाईच्याच ट्रकमधून निघालं. निरोप घ्यायला अड्ड्यावर गेलो, तर सामान चढवून झालेलं, पण ट्रक हलत नव्हता. समोरच्या पाटीवर पेंटर नाव रंगवत होता आणि मामा खाली उभे राहून त्याचा जीव खात होते. सय्यदभाई म्हणत होता, "मामा, 'उमरगा' लिहिलं तरी बस हाय. नाव कशाला?"

"नाव लिव्ह रे. मोटं लिव्ह. कोसावरनं वाचता आलं पायजे. ऐकन्यात चूक व्हती, वाचन्यात व्हत न्हाय."

पेंटरनं शेवटची रेघ ओढली. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरं, अजून ओली. सय्यदभाई खाली उतरून चार पावलं मागं गेला आणि नुसता बघत उभा राहिला. त्याची मुलगी बोटानं हवेत ती अक्षरं गिरवत होती. बाजारच्या गाडीतून उतरलेला कुठल्या तरी खेड्यावरचा एक म्हातारा हातातली पिशवी सावरत मामांना म्हणाला, "काय लिवलंय वो त्येच्यावर?"

"आसफ सय्यद."

"आसफ सय्यद? म्हंजे त्यो... फूटबॉलातला?"

"न्हाय बाबा," मामा म्हणाले. "ह्यो. जगात ह्यो एकलाच हाय."